शाळेतली माणसं, शाळेतलं वर्ष: नव्यानं रुजू होणाऱ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की ऑफिसातला फोन वाजायला लागतो. नवीन शिक्षिका विचारतात, रोज साडीच नेसायची का? बसचे काका विचारतात, फंड कापला जातो तो दिसतो कुठं? पालक विचारतात, दिंडीला फेटा घरून आणायचा का? गेली २१ वर्षं मी या शाळेत मराठी शिकवते, त्यातली ९ वर्षं स्टाफ सेक्रेटरीचं काम माझ्याकडं आहे. पहिल्या तीन महिन्यांत नोकरी सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. काम जड गेलं म्हणून गेलेली त्यांत थोडी. बाकीच्यांना कुठल्या गोष्टीसाठी कुणाला विचारायचं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून हे बैजवार लिहून काढलं.

आमची शाळा विनाअनुदानित, बालवाडी ते दहावी, कोल्हापुरात रंकाळ्याच्या पलीकडं फुलेवाडीच्या अंगाला. खाली कायद्याचं जे आहे ते कुठल्याही शाळेतल्या माणसाला उपयोगी पडेल. बाकीची आमची रीत.

स्टाफ म्हणजे कोण कोण?

मस्टरवर ज्याची सही होते तो प्रत्येक माणूस. शिक्षक, क्लार्क, प्रयोगशाळेतले सहायक, शिपाई मामा, मावशी, बसचे काका, बसमधल्या ताई. गेटवरचे वॉचमन ठेकेदाराकडचे आहेत, त्यांचा पगार तिकडून होतो, तरी दिवाळीचा फराळ आणि स्टाफ फोटोतली खुर्ची त्यांना मिळते. पहिलीतल्या पोराला वर्गात उलटी झाली की पहिली हाक मावशींना जाते. फुलेवाडी नाक्यावर बस बंद पडली तर चाळीस पोरांना गाण्याच्या भेंड्या लावून काकाच बसवून ठेवतात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी स्टाफ मीटिंग असते, तिचा पहिला अर्धा तास मामा-मावशींच्या विषयांचा. तो शेवटी ठेवला की घड्याळाकडं बघत गुंडाळला जातो, हे आम्ही अनुभवानं शिकलो.

एकमेकांना हाक कशी मारायची?

शिक्षकांना सर किंवा मॅडम, बालवाडीत ताई. आम्हा जुन्या मराठीच्या शिक्षिकांना मुलं अजून 'बाई' म्हणतात आणि ते कानाला गोड लागतं. शिपाई ते मामा, आया त्या मावशी, ड्रायव्हर ते काका. वयानं लहान असले तरी मुलांसमोर अहो-जाहोच.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इथल्या मावश्या, मुली आणि बऱ्याच शिक्षिकासुद्धा 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलतात. ही आपल्या भागातली बायकांची बोली आहे. वहीत प्रमाण मराठी जरूर शिकवा, पण तोंडातली भाषा दुरुस्त करायला जाऊ नका. काही वर्षांपूर्वी नव्यानं आलेल्या एका मॅडमनी सातवीतल्या मुलीला उभं करून चारदा 'जाते' म्हणायला लावलं. ती पोर पुढं पंधरा दिवस वर्गात बोलली नाही. मॅडमच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी बोलीवरच एक तास घेतला. त्या मुलीनं आजीकडून शब्द गोळा करून आणले आणि स्वतः फळ्यावर लिहिले: कोरड्यास, माडगं, डिचकी. निम्म्या शिक्षकांना त्यातला एक तरी शब्द नवीन होता.

शाळेचा दिवस कसा असतो?

सकाळी ७:१० ला मस्टर, ७:२० ला परिपाठ. प्राथमिक साडेबाराला सुटतं, माध्यमिक दीडला. त्यानंतरचा पाऊण तास वह्या, टाचण आणि पालकांच्या भेटी. आठवड्याला साधारण ३० तास अंगावर येतात. ऑफ तास कागदावर असतो, पण कुणी रजेवर असलं की तो बदली तासात जातो. एका माणसाला एका आठवड्यात दोनापेक्षा जास्त बदली तास द्यायचे नाहीत, असं ठरवून घेतलंय. फळ्याशेजारच्या वहीत नोंद असते, ती बघून हक्कानं बोला.

साडीची सक्ती नाही. सलवार-कमीज चालतो. जिने चढून चढून पाय दुखतात, तेव्हा चप्पल आरामाची घाला.

नेमणुकीच्या वेळी काय बघून घ्यायचं?

नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय वर्गावर जाऊ नका. पत्रात पद, वेतन, जागा कायम की तात्पुरती आणि परिविक्षा (प्रोबेशन) किती, हे चार मुद्दे हवेतच. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा आहे आणि नियम १९८१ चे. मान्यताप्राप्त खासगी शाळेला अनुदान असो वा नसो, हा कायदा लागू होतो. 'आम्ही विनाअनुदानित, आम्हाला नियम नाहीत' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. कायम जागेवर नेमणूक असेल तर परिविक्षा दोन वर्षांची, शिक्षण सेवक म्हणून असेल तर तीन वर्षांची.

मूळ प्रमाणपत्रं फक्त दाखवायची. आम्ही झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का मारतो आणि त्याच मिनिटाला मूळ प्रती परत देतो. हे मी इतकं ठासून लिहिते, त्याला कारण आहे. या शाळेत येण्याआधी मी जिथं होते तिथं माझं बी. एड.चं प्रमाणपत्र कपाटात ठेवून घेतलं होतं. दुसरीकडं मुलाखत ठरली, तेव्हा ते मागायला मी अकरा वेळा गेले. दर वेळी किल्ली असलेले साहेब बाहेर असायचे. शेवटी माझे वडील पांढरी टोपी घालून माझ्याबरोबर आले आणि ऑफिसच्या बाकावर सकाळपासून बसून राहिले. दुपारी चार वाजता किल्ली सापडली. तो दिवस मला अजून आठवतो. आमच्या शाळेतल्या एकाही मुलीवर तो दिवस येऊ नये.

पगार कधी आणि कसा?

पाच तारखेच्या आत, बँकेत. सोबत पगारपत्रक मिळतं, त्यात मूळ वेतन, भत्ते, फंड आणि व्यवसाय कर वेगवेगळे दिसतात. फंडाचे (पीएफचे) कर्मचाऱ्याचे १२ टक्के आणि संस्थेचे १२ टक्के. संस्थेच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शनला जातो, म्हणून पासबुकात दोन्ही आकडे सारखे दिसत नाहीत. त्याची काळजी करू नका. मामा-मावशींना मोबाईलवर पासबुक बघायला क्लार्क ताई दर तिमाहीला शिकवतात. विचारायला संकोच वाटू देऊ नका.

बँकेत जमा झालेल्या पगारातून रोख परत देण्याची मागणी कुणीही, कुठंही केली तरी देऊ नका. हे सगळ्या शाळांतल्या नव्या मुलांसाठी लिहितेय.

ग्रॅच्युइटी शिक्षकांना मिळते का? मावशींना?

दोघांनाही. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणं मिळणारी एकरकमी रक्कम. शिक्षक तिच्या कायद्यात बसतात की नाही यावर पूर्वी वाद होता. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली. खासगी शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०२२ मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती योग्य ठरवली. आता शंकेला जागा नाही.

हिशेब सोपा आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. समजा बेरीज ३०,००० आहे आणि सेवा १२ वर्षांची, तर २ लाख ७ हजार ६९२ रुपये होतात. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की हक्क लागू होतो.

१९८१ च्या नियमांप्रमाणे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, शिपाई-मावशी ६० व्या. आमच्या बालवाडीच्या मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी चेक हातात घेऊन त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, ह्यातलं परत किती द्यायचं?" मी म्हटलं, काही नाही मावशी, हे सगळं तुमचंच. त्यांनी चेकची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, परत काढली, परत वाचली. अठ्ठावीस वर्षं काम केलेल्या बाईला आपला पैसा आपला आहे हे विचारावं लागलं, ही आमची सगळ्यांची चूक होती. तेव्हापासून निवृत्तीच्या एक वर्ष आधी प्रत्येकाला त्याचा हिशेब कागदावर लिहून देतो.

बाळंतपणाची रजा किती?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, पगारी. त्यातले आठ आठवडेपर्यंत प्रसूतीच्या आधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. तिसऱ्या अपत्यासाठी १२ आठवडे. रजेवरून परत आलेल्या मॅडमना पहिला तास द्यायचा नाही आणि बाळ घेऊन येणाऱ्या आजीला बसायला प्राथमिकच्या वाचनकक्षात जागा द्यायची, हे दोन आमचे घरचे नियम.

घरी शिकवणी घेतली तर चालेल का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी आहे. पगारात भागत नाही म्हणून माणसं घेतात, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय पगार वाढवणं हाच आहे आणि तो विषय आम्ही दर वर्षी संस्थेसमोर मांडतो. पण आपल्याच वर्गातल्या मुलाला संध्याकाळी पैसे घेऊन तेच शिकवायचं, यानं वर्गातल्या बाकीच्या मुलांचा विश्वास जातो. मागं पडलेल्या मुलांसाठी शाळेत शनिवारचे जादा तास असतात, फी नाही.

टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) काय करायचं?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणी नीट जेवलं नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हायची, असं त्यात आहे. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीत राहता येतं, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागते. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडं गेला.

पेपर १५० गुणांचा, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. आमच्याकडं शनिवारी दुपारी वाचनालयात अभ्यासगट बसतो. गणिताच्या तरुण मॅडम पन्नाशीतल्या भाषेच्या सरांना अपूर्णांक शिकवतात आणि सर त्यांना व्याकरण. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परत उमेदवार व्हावं लागतं, त्याचं दुःख मी समजू शकते. गटात या, एकट्यानं कुढत बसू नका.

तक्रार असेल तर कुणाकडं जायचं?

रोजच्या कामाची असेल तर आधी पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, मग संस्था. लेखी द्या, पोच घ्या. लैंगिक छळाची तक्रार असेल तर या पायऱ्या चढायची गरज नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी, हा २०१३ चा कायदा आहे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला असते, एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. समितीतल्या सदस्यांची नावं आणि नंबर स्टाफरूमच्या दारामागं आणि मावशींच्या खोलीत, दोन्हीकडं लावलेत. मुलांच्या तक्रारींसाठी सखी सावित्री समिती वेगळी.

नोकरीवरून काढलं किंवा पदावनती केली तर शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं, आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत. ही मुदत चुकवू नका.

वर्षभरात कार्यक्रम कोणते? प्रत्येकाला हजर राहावंच लागतं का?

नवीन माणसं या प्रश्नाला घाबरतात, म्हणून सविस्तर सांगते.

शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि दहा-बारा दिवसांत २६ जूनची शाहू जयंती येते. कोल्हापूरच्या शाळेसाठी हा वर्षातला पहिला मोठा दिवस. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आम्ही त्या दिवशी भाषणं ठेवत नाही. आठवी-नववीची मुलं दसरा चौकात जातात, महाराजांनी वेगवेगळ्या समाजाच्या मुलांसाठी उभी केलेली वसतिगृहं बघतात, तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी बोलतात. माझे आजोबा तसल्याच एका बोर्डिंगात राहून शिकले होते. त्यामुळं या फेरीला मी दर वर्षी जाते, माझी ड्यूटी असो नसो.

मग आषाढी. विठ्ठलाचं नंदवाळ आमच्यापासून जवळ, आणि शहरातून तिकडं जाणाऱ्या दिंडीचं पुईखडीला रिंगण होतं ते बरीच मुलं आईवडिलांबरोबर बघून आलेली असतात. शाळेची दिंडी एकादशीच्या आदल्या दिवशी, शाळा ते रंकाळा. फेटे शाळा देते, तुळशीची कुंडी घरून. मागच्या खेपेला बालवाडीतली रुक्मिणी अर्ध्या वाटेतच मावशींच्या खांद्यावर झोपली. मावशींच्या एका हातात तिचा मुकुट, दुसऱ्या हातात तिच्या चपला, आणि विठ्ठल खाली चालत चालत तिचा पदर धरून. पालकांनी त्याचे फोटो काढले, पण माझ्या लक्षात राहिला तो मावशींचा पाय. ठेच लागून अंगठ्यातून रक्त येत होतं आणि त्यांनी ते शाळेत परत येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आता दिंडीत प्रथमोपचाराची पेटी दोन ठिकाणी असते आणि लहान गट निम्म्या वाटेवरून बसनं परत येतो.

आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पेठांमधली हजेरी कमी असते. गल्लीची जत्रा असते, पी ढबाक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोली देवीला नदीचं नवीन पाणी जातं, पोरं घरी थांबणारच. त्या दिवशी चाचणी ठेवू नका, एवढंच.

गणपतीत शाळेचा गणपती शाडूचा, विसर्जन काहिलीत, निर्माल्य बागेच्या खड्ड्यात. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जाते, शहरातले रस्ते भरलेले असतात, म्हणून शाळा लवकर सुटते. दसऱ्याचं सोनं आम्ही सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वाटतो, तेही एकेकच पान, झाड ओरबाडून पिशव्या भरायच्या नाहीत. दिवाळीत मुलांचे किल्ले बघायला शिक्षकांचे गट घरोघरी जातात. हे ऐच्छिक आहे, पण एकदा जाऊन बघा. मुलाचं घर बघितल्यावर त्याची वही वेगळी वाचता येते.

डिसेंबरात खेळ आणि गॅदरिंग. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी परिपाठ मावशी घेतात. १९ फेब्रुवारी शिवजयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. मार्चपासून पेपर. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, वडणगे-केर्लीकडच्या बस त्या दोन दिवसांत फिरवून न्याव्या लागतात.

प्रत्येकाला सगळीकडं हजर राहायचं नाही. जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये तक्ता फिरतो, त्यात प्रत्येकानं वर्षाचे चार कार्यक्रम निवडायचे. रविवारी किंवा सुट्टीत काम झालं तर बदली रजा मिळते, तीन महिन्यांत घ्यावी. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांनी दोनच निवडले तरी कुणी विचारणार नाही.

गॅदरिंगच्या वेळी तास बुडतात, त्याचं काय?

डिसेंबरात फक्त शेवटचे दोन तास सरावाला, आणि दहावीला तेही नाही. नाचात प्रत्येक मूल स्टेजवर आलंच पाहिजे. 'मागच्या रांगेत उभं राहा' असं कुणाला म्हणायचं नाही. भाड्याच्या ड्रेसचा खर्च ठरवून दिलेल्या रकमेच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण रिक्षावाल्याच्या आणि गवंड्याच्या घरी ते पैसे कुठून येतात हे आपण बघितलेलं असतं. शिक्षक आणि मामा-मावशींचं एक नाटुकलं असतंच.

एके काळी आमचं गॅदरिंग एका वर्षाआड केशवराव भोसले नाट्यगृहात व्हायचं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली सुरू झालेलं ते थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी परिपाठाला आमचे संगीताचे सर पेटीसमोर बसले आणि त्यांना सूर लावता येईना. नववीच्या मुलांनी आपणहून पेटीविना प्रार्थना म्हटली. ज्या पोरांनी त्या विंगेत उभं राहून घाम पुसलाय त्यांना ती जागा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

पूर आला की शाळेचं आणि स्टाफचं काय?

हा प्रश्न जुलैत रोज येतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आमचा नियम असा: पाणी ३९ फुटांवर गेलं की चिखली, आंबेवाडी, वडणगे या बाजूच्या मुलांना आणि स्टाफला दुपारनंतर थांबवायचं नाही. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळा रस्त्यावर पाणी येतं आणि पलीकडचा माणूस पलीकडंच अडकतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की बसचे काका स्वतःच ऑफिसात येऊन बसतात, त्यांना सांगावं लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर पूरग्रस्त कुटुंबं राहिली. मैदानात म्हशी बांधल्या होत्या. शहरात पाणीच पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही. सकाळी टँकरची रांग लावायची ड्यूटी पीटीच्या सरांची, भात-आमटीची आमची. एक आजी प्लास्टिकच्या पिशवीतून भिजलेले फोटो काढून बाकांवर मांडत होत्या. लग्नाचा, पोराच्या बारशाचा, नवऱ्याचा टोपीतला. एकमेकांना चिकटलेले, रंग ओघळलेले. चित्रकलेच्या सरांनी कपाटातले सगळे ड्रॉइंग पेपर काढले, एकेक फोटो हळूच सोडवून दोन कागदांच्या मध्ये ठेवला आणि वर भूगोलाचे नकाशे दाबून ठेवले. चार दिवस रोज कागद बदलले. सतरा फोटोंपैकी अकरा वाचले. त्या आजी अजून दर दिवाळीला सरांना चिवडा पाठवतात.

चौथ्या दिवशी आमच्या एक मावशी चिखलानं माखलेल्या पायांनी कामावर आल्या. त्यांचं घर पाण्यात होतं. मी म्हटलं, मावशी तुम्ही कशाला आला? त्या म्हणाल्या, "घरात पाणी हाय, हितं निदान भांडी तरी घासतो." तेव्हा पुराची वेगळी रजा आमच्याकडं नव्हती. त्यांचे तीन दिवस बिनपगारी लागले होते, आणि ते ऑफिसात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला आणि ठराव झाला. घरात किंवा रस्त्यावर पाणी आलं तर सात दिवसांपर्यंत पगारी पूररजा, अर्जाशिवाय, नुसत्या फोनवर. पाणी ओसरल्यावर घर साफ करायला स्टाफचं पथक जातं. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा या ठरावाचा सोळा जणांना उपयोग झाला.

जूनमध्येच आधार, पासबुक, सेवापुस्तिकेची प्रत एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वरच्या फळीवर ठेवा.

पालकांना शाळेच्या कारभारात बोलता येतं का?

येतं. पालक-शिक्षक संघाचे सगळे पालक सभासद असतात. फी नियंत्रणाच्या कायद्याप्रमाणं कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडले जातात. आम्ही चिठ्ठ्या परिपाठात, मुलांच्या हातून काढतो. फीचा प्रस्ताव या समितीसमोर येतो. रात्री आठनंतर शिक्षकांना मेसेज करू नये ही विनंती; निकड असेल तर वर्गशिक्षकांना थेट फोन करा.

शिक्षक दिनाला भेटवस्तू दिली तर चालेल?

मुलाच्या हातचं पत्र किंवा बागेतलं फूल. पाकीट, साडी, चांदीचं नाणं परत केलं जाईल. राग मानू नका.

स्टाफची भिशी, सहल, जेवणं?

भिशी आहे, ऐच्छिक. अडचणीसाठी वेगळा मदतनिधी आहे: दरमहा प्रत्येकी १०० रुपये, दवाखान्याला किंवा मुलांच्या ॲडमिशनला बिनव्याजी मिळतात. कुणी घेतले हे तिघांनाच माहीत असतं. वर्षातून एक सहल, बहुधा दाजीपूर किंवा गगनबावडा.

आणि कोल्हापूर म्हटल्यावर रस्सा मंडळ आलंच. आषाढ संपायच्या आत, श्रावण लागण्याआधी, एका रविवारी मैदानात चूल पेटते. तांबडा-पांढरा मामा करतात, भाकरीला सगळे. शाकाहारी मंडळींची चूल वेगळी आणि त्यांची वाढणारी माणसंही वेगळी. ताटात एक पळीही इकडची तिकडं होत नाही. संस्थेचे पदाधिकारी येतात, पण भाषण करत नाहीत, वाढतात.

खेळाडूंसाठी सांगते, जानेवारीत शिक्षक विरुद्ध पालक फुटबॉलचा सामना असतो. पालकांत पेठेतल्या तालमींकडून खेळलेले असतात, तेव्हा गुडघ्याला पट्टी बांधूनच उतरा.

नोकरी सोडायची असेल तर?

कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, कायम नसाल तर एक महिन्याची. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख. एक प्रत संस्थेला नोंदणीकृत टपालानं पाठवायची, दुसरी आपल्याकडं. कायद्यात ही पद्धत अशीच दिली आहे, आणि ती कर्मचाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर आधीच सही करून मागितली तर देऊ नका. अनुभवाचं पत्र आणि पगाराचा हिशेब शेवटच्या दिवशी टेबलावर तयार असतो. निरोपाचा चहा सगळ्यांना, तीन महिने काम केलेल्यालाही.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

मूळ प्रमाणपत्रं आणि दोन झेरॉक्स, दोन फोटो, बँकेचं पासबुक, फंडाचा जुना नंबर असेल तर तो, पाण्याची बाटली. डबा आणू नका, पहिल्या दिवशीचं जेवण स्टाफरूममध्ये असतं. सातला गेटवर या आणि मामांना नाव सांगा. मस्टरमध्ये तुमचं नाव त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं असेल, फक्त स्पेलिंग बघून घ्या.